घरची वही, घरची गोधडी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



या मेळाव्यात दरवर्षी परीक्षा, गुण, शिष्यवृत्त्या आणि प्रवेश यांविषयी बोलले जाते आणि ते बोलले गेलेच पाहिजे. यंदा चिटणीससाहेबांनी माझ्याकडे छंदाचा विषय सोपविला, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "साहेब, जेवणाच्या आधीची वेळ दिलीत आणि विषयही हलका दिलात." ते म्हणाले, "हलका असेल तर थोडक्यात आटपा." थोडक्यात आटपण्याचा मी प्रयत्न करीन, पण विषय हलका आहे हे काही मला मान्य नाही.

छंद हा शब्द ऐकला की पालकांच्या मनात दोन शंका येतात. एक, मुलाचा अभ्यास बुडेल. दुसरी, त्यापायी खिसा रिकामा होईल. यांपैकी दुसरी शंका मला अधिक रास्त वाटते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

आपल्याकडे हस्तकलेचा छंद हल्ली दुकानात सुरू होतो. शाळेतून एखादी वस्तू बनवून आणावयास सांगितली की मूल वडिलांकडे पैसे मागते. मग चकचकीत कागद, रंगीत टेप, तयार फुले, मणी, गोंदाची ट्यूब घरात येते. कधी तर सगळेच एका खोक्यात भरलेले, नुसते जोडावयाचे सामान येते. रात्री अकरा वाजता आई ते चिकटवीत बसते. प्रकल्प मुलाचा, जागरण आईचे आणि नफा दुकानदाराचा! थर्माकोलचे तर इतके स्तोम माजले होते की ताजमहालापासून माणसाच्या हृदयापर्यंत सर्व काही थर्माकोलचेच. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या ताटवाट्या आणि सजावटीचे थर्माकोल यांवरही बंदी घातली, तेव्हा काही पालकांनी मला विचारले, "सर, आता प्रकल्प करायचा कशाचा?" हा प्रश्न मला मोठा उद्बोधक वाटला. ज्या घराच्या परसात माड उभे आहेत, माळ्यावर जुन्या कपड्यांचे गाठोडे आहे आणि कपाटावर मागल्या वर्षीच्या वह्यांचा ढीग आहे, त्या घराला वस्तू कशाची करावी हे सुचू नये! झावळीच्या हिरांचा खराटा आपण अजून करतो; करवंटीचा डाव मात्र आता क्वचितच दिसतो.

म्हणून मी जो छंद सुचवितो त्याला एकच अट आहे. सामान विकत आणावयाचे नाही. सुई, दोरा, कात्री आणि मूठभर मैदा एवढे सोडले तर बाकी सारे घरातच शोधावयाचे. ही अट पैसे वाचविण्यासाठी आहेच; पण तेवढ्यासाठीच नाही. हवे ते सामान हाती आले म्हणजे मूल खोक्यावरच्या चित्रासारखी वस्तू करते आणि थांबते. नेमके हवे ते मिळाले नाही म्हणजे ते डोके खाजवू लागते. छंदाची खरी गंमत त्या डोके खाजविण्यात असते. मी दोनच वस्तूंबद्दल बोलणार आहे, कारण त्या मी मुलांबरोबर बसून केलेल्या आहेत.

पहिली वस्तू वही. परीक्षा संपली की वह्या रद्दीत जातात. एका मुलाच्या सहा वह्या धरा आणि प्रत्येकीत शेवटचे दहाच कागद कोरे राहिले असे समजा. दहा कागद म्हणजे वीस पाने. सहा वह्यांची १२० पाने झाली. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर ४,८०० पाने. म्हणजे २०० पानी चोवीस वह्या एकेका वर्गातून आपण रद्दीच्या भावाने विकून टाकतो.

आता हे कोरे कागद काढावयास बसले की पहिली अडचण समोर येते. मधोमध पिना मारलेल्या वहीत प्रत्येक कागद दुमडलेला असतो. शेवटचे कोरे पान हे ज्या कागदाचे एक अंग, त्याचे दुसरे अंग वहीच्या सुरुवातीला असते आणि त्यावर जून महिन्यातला पहिला धडा लिहिलेला असतो. त्यामुळे हाती येतात ते सुटे कागद. जोडकागद मिळत नाहीत. सुट्या कागदांची वही शिवावयाची कशी? हा प्रश्न मी मुलांपुढे ठेवतो आणि गप्प बसतो. (शिक्षकाला हे सर्वांत कठीण जाते.) एका वर्षी सातवीच्या वर्गातून तीन उत्तरे आली. काहींनी सांगितले, कडेने भोके पाडून टाके घालू. तसे करता येते. दाभणाने तीन किंवा पाच भोके पाडली की काम होते. पण वही सपाट उघडत नाही आणि शिवणीजवळचा दोन बोटे कागद लिहिण्यास निरुपयोगी होतो. दुसऱ्यांनी सांगितले, कागद नीट ठोकून एका कडेला खळ लावू. तेही होते, मात्र थोड्याच दिवसांत पाने गळू लागतात. मग एका मुलीने सुचविले की दोन सुटे कागद बोटभर रुंदीच्या पट्टीने एकमेकांना चिकटवावेत, म्हणजे पुन्हा जोडकागद तयार होईल. पट्टी कशाची घ्यावयाची? तर लिहिलेल्या कागदांच्या कोऱ्या समासाची! जुनी फाटकी पुस्तके दुरुस्त करताना बाइंडर हीच युक्ती करतात. हे तिला कोणी सांगितले नव्हते.

असे चार-पाच जोडकागद एकात एक घातले की जो गठ्ठा होतो त्याला बाइंडर 'जुज' म्हणतात आणि जुजे शिवून केलेल्या बांधणीला 'जुजबंदी'. आपल्या मुलांना हा शब्द नवा नाही. कुराणशरीफच्या ज्या तीस भागांना आपण 'पारे' म्हणतो, त्यांचे अरबी नाव 'जुज' असेच आहे. जुज म्हणजे भाग. मराठीत आपण 'जुजबी माहिती' म्हणतो तो शब्दही याच कुळातला. मदरशातला शब्द, बाइंडरच्या दुकानातला शब्द आणि मराठीच्या पुस्तकातला शब्द हे एकाच घरचे निघाले, याचे मुलांना जे नवल वाटते ते व्याकरणाच्या तासाला वाटत नाही.

कृतीही सांगतो, कारण नुसता उपदेश ऐकून कोणी वही शिवीत नाही. कागदाची एक पट्टी जुजाच्या उंचीएवढी कापून दोनदा दुमडावी. उलगडल्यावर तिच्यावर तीन घड्या दिसतात, त्याच भोकांच्या खुणा. फूटपट्टी लागत नाही. दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्यावा, म्हणजे गुंतत नाही. आतून बाहेर, बाहेरून आत असे टाके घालीत जावे आणि टोकाला आल्यावर खालच्या जुजाच्या दोऱ्यात सुई अडकवून गाठ मारावी. सारी जुजे शिवून झाली की कण्यावर जुन्या सुती कापडाची पट्टी खळीने चिकटवावी. खळीसाठी एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी पुरते. मैदा आधी थोड्या थंड पाण्यात कालवून घ्यावा, नाहीतर गुठळ्या होतात, आणि मग मंद आचेवर पांढरेपणा जाईपर्यंत ढवळीत राहावे. कसर लागू नये म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असते. ते मुलांच्या हाती देऊ नये. घरी त्या दिवशी लागेल तेवढीच खळ केली म्हणजे त्याची गरजही पडत नाही. पुठ्ठा बुटांच्या खोक्याचा चालतो. तो कण्याची बाजू सोडून उरलेल्या तीन बाजूंनी कागदापेक्षा ३ मिलिमीटर मोठा कापावा आणि तयार वही रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवावी. हे सारे एप्रिल-मे महिन्यांत उरकावे. आपल्या कोकणच्या पावसात खळ वाळत नाही, पुठ्ठा वाकतो आणि वहीला बुरशी धरते.

ही विद्या आपल्या प्रदेशाला परकी नाही. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. हाताने कागद करणाऱ्या मुसलमान कागजी कुटुंबांवरून ते नाव पडले. जुन्नरचा कागद पेशवाईच्या दप्तरात वापरला जाई. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा हे नाव आजही ऐकू येते. पुढे गिरणीचा कागद आला आणि हा धंदा बसला. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली ती या धंद्याला पुन्हा उभे करण्यासाठी. हा हातकागद होत असे तो चिंध्या, जुने दोर, गोणपाट, रद्दी यांपासून. राज्यांचे हिशेब ज्यावर लिहिले गेले तो कागद लोकांच्या टाकून दिलेल्या चिंध्यांतून आलेला होता, हे आपल्या घरची रद्दी बाहेर काढताना जरा आठवावे.

दुसरी वस्तू गोधडी. देशावर तिला वाकळ म्हणतात. इथे मला जरा जपून बोलावे लागेल.

दोन वर्षांपूर्वी मी वर्गात विचारले, "कोणाच्या घरी दादी किंवा नानी गोधडी शिवतात? त्यांना एक दिवस शाळेत बोलावू." एकही हात वर झाला नाही. तास संपल्यावर एक मुलगा मागे रेंगाळला आणि हळूच म्हणाला, "सर, माझी दादी शिवते. पण तिला बोलावू नका. मुले म्हणतील, यांच्या घरी ब्लँकेट नाही." त्याच्या घरी चार ब्लँकेटे होती, हे मला ठाऊक होते.

मी त्या मुलाला दोष देत नाही. आपल्या खाडीपट्ट्यातील कितीतरी घरांचे कर्ते पुरुष १९७० नंतरच्या वर्षांत आखातात नोकरीला गेले. सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या सामानात वाघाचे नाहीतर गुलाबाचे चित्र असलेले जाडजूड ब्लँकेट असे. ते घामाच्या पैशाचे होते आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. परंतु त्याबरोबर गोधडी ही गरिबीची खूण ठरली आणि माळ्यावर जाऊन बसली. खरे पाहता आपल्या दमट हवेत ते ब्लँकेट पांघरणे म्हणजे शिक्षाच. पुष्कळ घरांत ते आले त्या प्लास्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर निघालेले नाही. सुती गोधडी घाम टिपते, धुऊन उन्हात टाकली की वाळते आणि जुनी होईल तशी अधिकच मऊ होते. तरीही पाहुणे आले की आपण ती घाईघाईने उचलून आत नेतो. गरज नसताना उधळणे ही लाजेची गोष्ट असावयास हवी. आपल्याकडे जपून वापरणेच लाजेचे झाले आहे.

मी त्या मुलाला आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या आईने शिवलेली गोधडी शाळेत नेली, टेबलावर पसरली आणि तिच्यावरच गणिताचा तास घेतला. ओळींमधले अंतर किती, एका हातात टाके किती, एकूण टाके किती? काही दिवसांनी तो मुलगा आपण होऊन म्हणाला, "सर, दादी येते म्हणाली." त्या आल्या. माझ्या आईची गोधडी त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि भर वर्गात निकाल दिला, "टाका लांब आहे. धुण्यात उसवेल." सारा वर्ग हसला, आणि सर्वांत मोठ्याने हसला तो त्यांचा नातू. आईला मी हे अद्याप कळविलेले नाही. स्मरणिका छापून आली की कळेलच.

दादींनी दोन सकाळी आम्हांला शिकविले. वरचे आणि खालचे कापड मऊ, सुती आणि धुऊन धुऊन विटलेले असावे. आत फाटके तुकडे सारखे पसरावेत. एका जागी दाट, एका जागी विरळ असे होता कामा नये. टेरिकॉट आणि नायलॉन आत घालावयाचे नाही, कारण ते पाणी शोषीत नाही आणि सरकते. आधी मोठे टाके घालून सारे थर एकत्र धरावेत, मग कडेकडेने धावदोरा सुरू करून ओळीमागून ओळ आत यावे. दोन ओळींत एक बोट अंतर. गाठ थरांच्या आत लपवावी, अंगाला टोचू नये. हे सांगताना त्यांचा हात एकदाही थांबला नाही. एकच गोष्ट त्यांना जमत नव्हती. सुईत दोरा ओवणे. घरी नातवंडे शाळेत जाण्यापूर्वी दहा-बारा सुया ओवून ठेवतात, त्या सुया संपल्या की त्या दिवसाचे काम संपले! त्यांनी आणलेल्या गोधडीवर बोट ठेवीत त्या नातवाला सांगत होत्या, "हा तुझ्या चाचाच्या निकाहातला कुर्ता. ही तुझ्या बापाची शाळेची अर्धी चड्डी." त्या मुलाचे वडील तेव्हा कतारला होते. त्याने त्या खाकी तुकड्यावर हात फिरविला आणि विचारले, "इतका लहान होता?"

कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला, सिद्दी समाजाच्या स्त्रिया अशीच गोधडी करतात. तिला त्या कवंदी म्हणतात. आफ्रिकेतून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांत मुसलमान, हिंदू आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. जंजिऱ्यामुळे सिद्दी हे नाव आपल्या किनाऱ्याला चांगले परिचयाचे आहे. कवंदी कडेपासून शिवावयास घेतात आणि फिरत फिरत मध्यावर आणून संपवितात. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची त्रिकोणी फुले लावतात. त्यांवाचून ती पुरी झाली असे मानीत नाहीत. त्या फुलांनी ऊब वाढत नाही. वीतभर चिंधी वाया जाऊ न देणारी बाई चार कोपऱ्यांवर मात्र हौसेने कापड खर्च करते. काटकसर आणि कंजूषपणा यांतला फरक मुलांना समजावून द्यावयाचा असेल तर मी या फुलांकडे बोट दाखवीन.

आता अभ्यास बुडेल या शंकेकडे येतो. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. तेथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जामिया मिलियाचे त्या वेळचे प्रमुख आणि १९६७ पासून भारताचे राष्ट्रपती. बर्लिनला अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेल्या या विद्वानाच्या समितीने साडेपाच तासांच्या शाळेतील ३ तास २० मिनिटे हस्तव्यवसायाला दिली होती, आणि मातृभाषेला ४० मिनिटे! मी एवढे मागत नाही. मागितले तर चिटणीससाहेब मला व्यासपीठावरूनच घरी पाठवतील. मला आठवड्यातून दोन तास पुरेत, तेही सुट्टीचे. झाकिरसाहेबांच्या अहवालात एक इशारा आहे, तो मात्र मी गांभीर्याने घेतो. अशा कामात कमाईच्या बाजूवर भर पडून शिक्षणाची बाजू मागे पडण्याचा धोका आहे, असे त्यांनी तेव्हाच बजावले होते. वह्या पाहून दोन-तीन पालकांनी मला लगेच विचारले, "सर, याची विक्री होईल का?" होईलही. पण ज्या दिवशी मुलाला दहा वह्या संध्याकाळपर्यंत पुऱ्या कर असे सांगितले जाईल त्या दिवशी त्याचा छंद संपला. घरात वापरावे, आप्तेष्टांना भेट द्यावे, एवढे पुष्कळ आहे.

आणि अभ्यास म्हणाल, तर तो आपल्या पावलांनी येतो. एक मोठा कागद तीनदा दुमडला की आठ कागद, सोळा पाने होतात. पुस्तकांची पाने ९६, ११२, १२८, १६० अशी का असतात, हे त्यानंतर मुले स्वतः पुस्तके काढून तपासतात. यात नापास होणे नसते. टाका चुकला तर उसवावयाचा.

एक गोष्ट वडिलांसाठी. सुई म्हटली की आपण मुलींकडे पाहतो. बाजारात शिलाईच्या यंत्रावर बसलेले कारागीर बहुतेक पुरुषच असतात. म्हणजे पैसे मिळत असतील तेव्हा सुई पुरुषाच्या हातात शोभते आणि घरी मात्र ती बाईची! आपले मुलगे पुढे शिक्षणासाठी मुंबई-पुण्याला वसतिगृहात राहतात आणि बटण तुटले म्हणून सदरा बाजूला टाकतात. माझ्या वर्गात गोधडीचे टाके सर्वांनी घातले. सुरुवातीला मुलग्यांनी खिदळून घेतले. बोटाला दोनदा सुई टोचल्यावर खिदळणे बंद झाले आणि कोणाची ओळ अधिक सरळ यावर भांडणे सुरू झाली. तशी भांडणे मला चालतात.

येत्या एप्रिलात वार्षिक परीक्षा संपल्यानंतरचे पहिले तीन दिवस, सकाळी नऊ ते अकरा, शाळेच्या सभागृहात वह्या शिवण्याचे काम चालेल. पाचवीपासून पुढचे विद्यार्थी येऊ शकतात. पालक आले तर अधिक आनंद होईल. येताना मागल्या वर्षीच्या वह्या, बुटांचे एक खोके आणि जुन्या सुती कापडाचा वीतभर तुकडा आणावा. सुया, दोरा आणि खळ शाळेत मिळेल. ज्या दादी-नानींना गोधडीचे काम दाखवावयाचे असेल त्यांच्यासाठी पुढच्या ओळीत खुर्च्या ठेवू, आणि सुया ओवून द्यावयास पाचवीची मुले बसवू. दुकानातून काहीही विकत आणू नये.

 जेवण तयार आहे असे चिटणीससाहेब खुणेने सांगत आहेत.